पाइपवरचं मेण

संस्थान विलीन झालं त्या वर्षी प्रभाकरचे थोरले भाऊ शालिग्राम बायकोला घेऊन बुऱ्हाणपूरला परत आले. बुधवाऱ्यातलं घर दोघा भावांचं होतं, पण दादा मिसरूड फुटायच्या आधीच त्यातून बाहेर पडले होते. वडील गेले तेव्हा प्रभाकर अजून धुळाक्षरं गिरवत होता. दादांनी शाळा सोडली, सातपुड्यापलीकडच्या एका लहानशा संस्थानाच्या जंगलखात्यात नाकेदाराची जागा धरली आणि चढत चढत रेंजर झाले. धाकट्याला त्यांनी मॅट्रिक केलं, चित्रकलेच्या परीक्षा द्यायला लावल्या. प्रभाकर आज शाळेत चित्रकला आणि सुतारकाम शिकवत होता, तो दादांच्या जोरावर. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात बाळासकट गेल्यापासून तो घरात एकटाच होता, त्यामुळे दादा आणि मंगलावहिनी आले तेव्हा घराला घरपण आल्यासारखं त्याला वाटलं.

पण दादा घरात आले तरी घरात नव्हते. संस्थानाचा ध्वज उतरला, राजेसाहेब तनख्यावर गेले, आणि जंगल मध्यप्रांताच्या जंगलखात्यात जमा झालं. झाडं जमा झाली, नाके जमा झाले, हत्तीसुद्धा जमा झाले. माणसांचं काय करायचं ते मात्र सरकारचं ठरत नव्हतं. जुन्या संस्थानी नोकरांना कोणत्या पायरीवर घ्यायचं, हे ठरवायला नागपूरला एक समिती बसली होती. तिचं बोलावणं येईपर्यंत वाट पाहायची. दादा सकाळी खाकी कोट घालून ओट्यावर बसायचे. जाणारे-येणारे विचारायचे, "काय रेंजरसाहेब, कब जाना है?" दादा म्हणायचे, "बुलावा आला की." पुढे पुढे लोकांनी विचारणं सोडलं, आणि दादांनी ओट्यावर बसणं.

तंबाखूही त्यांची मधे बंद पडली होती. त्यांच्याजवळ दोन पाइप होते. संस्थानाचा जुना गोरा जंगल अधिकारी विलायतेला जाताना देऊन गेला होता. ब्रायर नावाच्या विलायती झुडपाच्या मुळाची गाठ असते, तिच्यातून हे पाइप कोरतात. लाकूड असं घट्ट, की आत विस्तव ठेवला तरी जळत नाही. जंगलात फिरताना एक पाइप सतत दादांच्या तोंडात असायचा. पण सामानाची पेटी रेल्वेच्या मालधक्क्यावर पावसात भिजत पडली होती, ती उघडली तेव्हा एका पाइपला उभी चीर गेलेली, आणि दुसऱ्यावरचं मूळचं पॉलिश पांढरं पडून खपल्या धरलेलं. एबोनाइटची, म्हणजे काळ्या कडक रबराची, नळी हिरवट-पिवळी झालेली. दादांनी दोन्ही पाइप पाहिले, फडक्यात गुंडाळले आणि पुन्हा पेटीत ठेवून दिले.

थंडी सुरू झाली आणि नागपूरचं बोलावणं आलं.

त्या दिवशी दादांनी स्वतः पेटी उघडली. चांगला पाइप काढून प्रभाकरच्या हातात दिला. त्यांचं बोलणं अलीकडे जरा जड झालं होतं. जिभेच्या कडेला एक फोड आला होता, तो महिनोन्‌महिने हटत नव्हता. वहिनी त्यावर तूप लावायच्या, तुरटीच्या गुळण्या द्यायच्या.

"हा नीट करून दे," दादा म्हणाले. "समितीसमोर रिकाम्या हातानं बसवणार नाही मला. हा हातात असला म्हणजे मी कोण होतो ते मला तरी आठवेल."

"चकचकीत करून देतो दादा. नवा दिसेल."

"नवा नको. माझा दिसला पाहिजे."

प्रभाकरला हे काम मिळालं याचाच आनंद झाला. आयुष्यभर दादांनी त्याच्यासाठी केलं, आज पहिल्यांदा दादांनी काही मागितलं होतं. त्यानं अंगणात पाट मांडला. पाइपात तंबाखू भरायची वाटी असते, तिच्यातला काजळीचा थर चाकूच्या टोकानं खरवडला. मग आत मुरलेली कडवट घाण तोंडात जाऊ नये म्हणून वाटीत खडे मीठ भरून त्यावर कंपाउंडरकडून आणलेलं स्पिरिट थेंबथेंब सोडलं आणि तसंच ठेवलं. सकाळी मीठ चहाच्या रंगाचं झालं होतं. असं त्यानं पुन्हा पुन्हा केलं, मीठ पांढरं निघेपर्यंत. नळी गोड्या तेलात बारीक राखुंडी कालवून घासली, तेव्हा तिचा काळा रंग वर आला. बाहेरच्या पॉलिशच्या खपल्या निघाल्या आणि खालून ब्रायरचं लाकूड दिसलं. मुळातल्या गाठी डोळ्यांसारख्या दिसत होत्या, त्यांच्याभोवती ज्वाळेसारख्या रेषा. पण लाकूड उघडं होतं, रखरखीत. त्यावर काहीतरी चढवायलाच हवं होतं. काय चढवायचं, इथेच गाडं अडलं.

तो आधी सिंधीपुऱ्यात कौतिक खराद्याकडे गेला. कौतिक पाळणे, पलंगाचे पाय आणि खुळखुळे खरादावर, म्हणजे लाकूड कातायच्या चाकावर, उतरवून त्यांवर रंगीत लाख चढवायचा.

"लाख चढवा मास्तर," कौतिक म्हणाला. "लेकरं दिवसभर माझे खुळखुळे चाटतात. आजवर कोनाले काही झालं नाही. तोंडात जायची चीज आहे ना? मग लाखेसारखी चीज नाही."

हे प्रभाकरला पटलं. तरी त्यानं चांगला पाइप काढला नाही, चिरलेला पुढे केला. कौतिकनं लाखेची कांडी तापवून त्यावर फिरवली, चिंधीनं घासली, आणि पाइप जांभळासारखा चमकायला लागला. दोघंही खूश झाले. मग प्रभाकरनं त्यात तंबाखू भरली आणि पेटवली. त्यानं जन्मात कधी विडीही ओढली नव्हती, दोन झुरक्यांत डोळ्यांतून पाणी आलं. वाटी तापली तशी लाख मऊ झाली. बोटं चिकटली, बोटांचे ठसे उमटले, आणि जळक्या लाखेचा वास खराद्याच्या दुकानभर पसरला.

कौतिकनं डोकं खाजवलं. "पाळण्यात कोनी विस्तव नाही ठेवत, मास्तर," तो म्हणाला, आणि दोघं हसले. त्यानंतर प्रभाकरला मनापासून असं हसू पुढे फार दिवस आलं नाही.

बाजारातल्या रंगाच्या दुकानदारानं सीलबंद डबा पुढे ठेवला. "ये लगाव मास्टरजी. एक हात, बस. आइने जैसा चमकेगा."

"यात काय काय असतं?"

"वार्निश है. वार्निशमें क्या होगा, वार्निश ही होगा."

प्रभाकर हटला नाही तेव्हा दुकानदारानं वार्निशच्या कारखान्यात काम केलेल्या आपल्या मेहुण्याला आतून बोलावलं. त्यानं सांगितलं की जवसाचं तेल मुरदाडशिंग घालून कढवतात, म्हणून ते लवकर सुकतं. शिवाय राळ आणि टर्पेंटाइन. प्रभाकरला घरातली एक गोष्ट आठवली. लहानपणी आई खरजेच्या मलमात मुरदाडशिंग घालायची आणि मलमाची वाटी वेगळी ठेवायची, कुणी त्यात खाऊ नये म्हणून. त्यानं डबा परत केला.

कच्चं जवसाचं तेल निर्धोक, पण ते थंडीत सुकेना, हाताला चिकट लागायचं आणि खवट वास यायचा. अत्तर-औषधांच्या दुकानातून त्यानं अक्रोडाचं तेल आणलं. ते बरं होतं, पण नुसत्या तेलानं लाकूड ओलसर दिसायचं, त्याला तजेला येईना. मधमाश्यांचं मेण राहिलं. मेण पोटात गेलं तरी अपाय करत नाही, पण विस्तवाच्या उबेनं ते लाखेच्याही आधी वितळणार. नागपूरला जायचा दिवस जवळ येत होता. थोडंसं वार्निश अगदी पातळ करून, फक्त बाहेरून, नळीपासून लांब लावलं तर? मुरदाडशिंग नेमकं किती वाईट, हे कुणातरी जाणत्याला विचारावं म्हणून तो डॉक्टर पुराणिकांच्या दवाखान्यात गेला.

"शिसं आहे ते," डॉक्टर म्हणाले. "तोंडात जायला नको. पाइप कुणाचा?"

"दादांचा. आधीच त्यांच्या जिभेला फोड आहे, म्हणून मी म्हटलं विचारून घ्यावं."

डॉक्टरांनी हातातली लेखणी खाली ठेवली. "फोड कधीपासून आहे?"

"मागच्या उन्हाळ्यापासून असेल."

"दुखतो?"

"आधी दुखत नव्हता. आता कानापर्यंत ठणका मारतो म्हणतात."

"आज संध्याकाळी घेऊन या त्यांना," डॉक्टर म्हणाले. "पाइपाचं नंतर पाहू."

दादांना दवाखान्यात नेणं सोपं नव्हतं, पण नागपूरला बोलताना अडायला नको, हे सांगितल्यावर ते आले. डॉक्टरांनी जीभ चिमट्यानं धरून बॅटरीच्या उजेडात पाहिली. बोटांनी मानेतल्या गाठी चाचपल्या. मग दादांना बाहेर बसायला सांगून त्यांनी दार लोटलं.

"मास्तर, हा फोड नाही. हा कर्करोग आहे, आणि मानेत उतरलाय. मुंबईला रेडियमनं जाळतात, पण ते सुरुवातीला. आता तिकडे नेऊन त्यांचे हाल कराल."

प्रभाकरला आपण काय विचारतोय ते कळत नव्हतं. तो म्हणाला, "आणि पाइप?"

"त्यात विस्तव टाकू नका. बाकी आता जपण्यासारखं काय राहिलंय."

तो बाहेर आला. दादा बाकावर बसले होते, हात गुडघ्यांवर. त्यांनी वर पाहिलं आणि प्रभाकरच्या तोंडाकडे बघून सगळं समजून घेतलं. रस्त्यात ते फक्त एवढंच बोलले, "मंगलाला नागपूरहून आल्यावर सांगू." आणि मग थोडं चालून, "तुझं पॉलिश झालं का?"

प्रभाकरनं त्या रात्री जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्यानं आठवड्याच्या बाजारात बसलेल्या एका कोरकू बाईकडून पोळ्याचं मेण घेतलं. पाण्यात उकळून धोतराच्या फडक्यातून गाळलं. पिवळंधमक मेण थंड पाण्यावर तरंगून आलं. पाइपात विस्तव पडणार नव्हता, तेव्हा मेण वितळण्याचा प्रश्नच उरला नव्हता. इतके दिवस ज्या अडचणीनं त्याला झोप येत नव्हती, ती डॉक्टरांच्या एका वाक्यानं सुटली होती. त्यानं आधी अक्रोडाच्या तेलाचा हात दिला, ते मुरू दिलं, मग तळहाताच्या उबेनं मेण चोळत बसला. चोळता चोळता त्याला रडू आलं, तरी हात थांबले नाहीत.

वहिनींनी ते पाहिलं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या जवळ येऊन बसल्या, मेणाच्या गोळीकडे पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणाले ते नका सांगू भाऊजी. नागपूर होऊन जाऊ द्या."

भुसावळला गाडी बदलून दोघे भाऊ नागपूरला गेले. दादांनी खाकी कोट घातला होता, जुन्या संस्थानाची पितळी बटणं उपटून त्या जागी साधी बटणं वहिनींनी लावली होती. पाइप वरच्या खिशात होता. कचेरीच्या व्हरांड्यात दादांसारखेच कितीतरी जण बसले होते, कुणी तहसीलदार, कुणी फौजदार, कुणी राजवाड्याचा कारभारी. सगळ्यांचे कोट चांगले होते आणि सगळ्यांचे डोळे दाराकडे लागलेले.

दादांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी प्रभाकरचा दंड धरला. त्यांचं बोलणं आता परक्याला समजेनासं झालं होतं. समितीनं हरकत घेतली नाही, धाकट्या भावाला शेजारी उभं राहू दिलं.

टेबलामागे तिघे होते. माणसं सभ्य होती. मधल्यांनी विचारलं, "कोणत्या वनविद्यालयात शिक्षण झालं?"

दादा काही बोलले. प्रभाकरनं सांगितलं, "विद्यालयात नाही. जंगलातच शिकले. गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली."

"त्याचा दाखला?"

दादा पुष्कळ वेळ बोलत राहिले. सागाची कोणती कटाई कोणत्या साली झाली, वणवा कुठल्या नाल्यावर अडवला, कोणत्या गावच्या लोकांनी साथ दिली. लाळ ओठांच्या कोपऱ्यातून ओघळायला लागली, तसे ते रुमालानं पुसत, पुन्हा बोलत. प्रभाकर एकेक वाक्य मागोमाग म्हणत होता, आणि मध्येच त्याला कळलं की काही शब्द त्यालाही समजत नाहीत. त्यानं दादांकडे पाहिलं. दादांच्या ते लक्षात आलं. ते थांबले.

उजवीकडच्या गृहस्थांनी अगदी हळू आवाजात म्हटलं, "आपली सेवा मोठी आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण प्रकृती पाहता जंगलातली नेमणूक... आपणच विचार करा."

दादांनी खिशातून पाइप काढला. ओढायला नाही, नुसता दोन्ही हातांत धरला. मधले गृहस्थ काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले, "पाइप सुंदर आहे. बरीच निगा राखलेली दिसते."

दादांनी मान हलवली आणि नमस्कार केला. समितीनंही उठून नमस्कार केला.

परतीच्या गाडीत दादा खिडकीशी बसले. वर्धा गेलं, बडनेरा गेलं. पाइप त्यांनी उजव्या दाढांत धरला होता, रिकामाच, आणि अधूनमधून जंगलात फिरताना ओढायचे तसा हवेचा झुरका घेत होते. अकोल्याच्या पुढे कुठेतरी ते म्हणाले, "पाइप आवडला त्यांना." प्रभाकरला हे शब्द नीट समजले. समजले नसते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्यानंतर दादा कोट घालेनासे झाले. पाइप मात्र दिवसभर तोंडात. त्यानं ठणका जरा विसरतो म्हणायचे. लाळेनं मेण निघून जायचं, लाकूड पांढुरकं पडायचं, म्हणून प्रभाकर रोज शाळेत जाण्याआधी पाइप गरम पाण्यानं धुवून, पुसून, त्यावर मेणाचा हात द्यायचा. नवं मेण आणताना तो चार ठिकाणी विचारायचा, यात राळ तर मिसळलेली नाही, चरबी तर नाही. एकदा संशय आला म्हणून त्यानं अख्खा गोळा टाकून दिला.

वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या. त्या वळून म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या तोंडात आता आणखी कसलं विष जायचं राहिलंय, की तुम्ही एवढं जपता?"

प्रभाकर पाइप पुसत राहिला. त्यालाही ते माहीत होतं. पण तेवढंच त्याच्या हातात होतं. दादांनी शिकवलेला हात, आणि त्या हातानं करण्यासारखं जगात दुसरं काही उरलं नव्हतं.

माघ संपता संपता दादांचा जबडा उघडेना. वहिनी चमच्यानं पेज द्यायच्या, तीही निम्मी बाहेर यायची. एके सकाळी प्रभाकरनं पाइप नेहमीसारखा त्यांच्या ओठांशी नेला. दादांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. दात जेमतेम विलग झाले, नळी आत जाईना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग पाइप प्रभाकरच्या हातून घेतला, मुठीत धरला आणि भिंतीकडे तोंड केलं. मूठ त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, असंही झालं नाही. गुंगीत ती केव्हा सुटली कुणाला कळलं नाही, पाइप अंथरुणाखाली सापडला. होळीच्या आधीच दादा गेले. तापीच्या घाटावर प्रभाकरनं अग्नी दिला. माणसं थोडीच होती. कौतिक खराद्यानं खांदा दिला.

दिवस झाल्यावर वहिनींचे भाऊ त्यांच्या माहेरहून, फोपनारहून, बैलगाडी घेऊन त्यांना न्यायला आले. केळीची तोड चालू होती, ते फार थांबू शकत नव्हते. "तुम्ही इथंच राहा वहिनी," प्रभाकर पुन्हा पुन्हा म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "लोक बोलतील भाऊजी. आणि मला या घरात त्यांचा आवाज येतो, तो शेवटचा, न समजणारा." त्यांनी लुगडी बांधली, दोन भांडी घेतली, आणि गाडीत बसायच्या आधी त्याच्याकडे वळल्या.

"त्यांचा पाइप मला द्याल?"

प्रभाकरनं आतून पाइप आणून दिला. सकाळीच त्यानं सवयीनं त्यावर मेणाचा हात दिला होता. लाकूड मधासारखं दिसत होतं. वहिनींनी तो पदरात घेतला, मग उचलून नाकाशी नेला. डोळे मिटले. वाटीत नाक खुपसून त्यांनी खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. नळी काढून तिच्या भोकाशी नाक नेलं. प्रभाकरला आधी कळेना त्या काय शोधत आहेत.

"वास नाही," त्या म्हणाल्या. "कोटाला होता, तो कुणीतरी धुवून टाकला सुतकात. उशीला औषधाचाच येतो. मला वाटलं, यात तरी असेल. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तोच वास, तंबाखूचा, जंगलाचा. यात काहीच नाही भाऊजी. नुसतं मेण."

"मी मीठ घातलं होतं," प्रभाकर म्हणाला. "स्पिरिट. आतून सगळं काढलं. त्यांना अपाय होऊ नये म्हणून."

"हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही चांगलंच केलंत."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला काही बोलता आलं असतं. त्यांनी नळी पुन्हा नीट बसवली, पाइप त्याच्या हातात परत दिला आणि भावाच्या आधारानं गाडीत चढल्या. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या, गाडी बुधवाऱ्याच्या वळणावर एका हातगाडीशी अडली, गाडीवानानं हातगाडीवाल्याशी हुज्जत घातली, आणि मग वाट मिळाली तशी गाडी दिसेनाशी झाली. शाळेची घंटा होऊन गेली होती. प्रभाकर ओट्यावर बसून राहिला. समोरच्या शेजाऱ्यानं विचारलं, "क्यों मास्टरजी, आज स्कूल नहीं?" त्यानं मान हलवली, पण जायचं आहे की नाही, हे त्या मान हलवण्यावरून शेजाऱ्याला कळलं नाही, आणि त्याला स्वतःलाही.